एकतीस चरे

२ सप्टेंबर १९९६, सोमवार. ग्राट्स

नवी वही, नवी खोली, नवी नोकरी, तिन्ही एकाच दिवशी! खिडकीबाहेर नासपतीचं झाड आहे. घरमालकिणीने आल्या आल्या बटाट्याचं सॅलड पुढे ठेवलं, भोपळ्याच्या बियांच्या हिरव्याकाळ्या तेलात न्हालेलं. आमच्या लिन्झमध्ये हे तेल औषधासारखं थेंबाथेंबाने घालतात, इथे पळीने. मी दोनदा वाढून घेतलं.

पोलाद कारखान्याची प्रयोगशाळा बंद झाल्यावर सेहेचाळिसाव्या वर्षी मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. प्रोफेसर क्राइंट्स यांनी विचारलं. डिसेंबरपर्यंत करार आहे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. धातूवरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याचं एक स्वच्छ चित्र द्या आणि कायम नोकरीचं पत्र घ्या, म्हणाले. मला असं बोलणं आवडतं. की आज मला सगळंच आवडतंय?

सकाळी दहाला आणि दुपारी तीनला सगळे कॉफीच्या खोलीत जमतात. तिथे भिंतीवर एक पडदा आहे. तळघरातल्या सूक्ष्मदर्शकाचं चित्र त्यावर ओळीओळीने उमटत जातं, खालून वर. कोणी जिन्यावर पाय आपटला, दार लोटलं, की चित्रात आडवा पांढरा चरा उठतो. घरचा नियम असा की तीन चऱ्यांना एक केक. गुन्हेगार सापडला नाही तर आत बसलेल्याने आणायचा. सेक्रेटरी गेरलिंडे म्हणाली, बाई, आम्ही इथे विज्ञानावर नाही, केकवर जगतो. मी खूप हसले. बऱ्याच दिवसांनी.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज तळघर पाहिलं. खोली लहान, चार पावलं लांब, तीन रुंद. मधोमध पोलादी टाकी, तिच्यात हवा जवळजवळ नाहीच. टाकीत निकेल-अॅल्युमिनियमचा स्फटिक, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. तो तापवायचा, चिमूटभर ऑक्सिजन सोडायचा, की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. दोन थर अणूंचे, बस. मग तो आपणहून थांबतो. अंग पूर्ण झाकलं गेलं की ऑक्सिजनचा एकही कण आत धातूपर्यंत पोचत नाही. कारखान्यात आम्ही गंजाशी भांडायचो, तो थांबतच नसे. इथला गंज शहाणा आहे.

सुई त्या पापुद्र्याला न टेकता त्यावरून फिरते आणि अणू दाखवते, वर कॉफीच्या खोलीत आणि इथल्या छोट्या पडद्यावरही. चारशे ओळी, एका चित्राला जवळपास तास. सगळं गार राहावं म्हणून कोपऱ्यातल्या मोठ्या पिंपातून द्रवरूप नायट्रोजन सोडायचा. नायट्रोजनची वाफ खोलीतली हवा हटवते, म्हणून भिंतीवर ऑक्सिजन मोजणारा भोंगा आहे, छताला पंखा आहे. दार आत उघडतं. दार लागल्याशिवाय बाहेरचा लाल दिवा लागत नाही आणि दिव्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. दिवा लाल असताना कोणी आत यायचं नाही, दार वाजवायचं नाही. ही सगळी जोडणी कार्यशाळेतल्या कायेटानची. पंचावन्नचा असेल. हात सुंदर, नजर वर उचलत नाही.

माझ्या आधी इथे सेवेरिन लाकनर म्हणून एकजण होता. त्याच्या कामाची वही कपाटात आहे. कुठे गेला म्हणून विचारलं, तर गेरलिंडे म्हणाली, ट्रिएस्टला, समुद्रावर. प्रोफेसर हसले.

१२ सप्टेंबर, गुरुवार

पहिलं चित्र. दोनशे अकरा ओळींपर्यंत असं सुंदर की मी श्वास धरून बसले होते. अणूंच्या रांगा नांगरल्यासारख्या, आणि जिथे पापुद्र्याचे दोन तुकडे भेटतात तिथे बारीक शिवण. दोनशे बाराव्या ओळीपासून चरे. एकतीस.

वर गेले तर टाळ्या. अहो फ्राउ मागिस्टर, लिन्झचे पाय फार जड असतात वाटतं! दहा केक आणि वर एक घास! मी म्हटलं, मी खुर्चीवरून हललेदेखील नाही. प्रोफेसर म्हणाले की आत बसणारा प्रत्येकजण हेच सांगतो.

उद्या गुगलहुप्फ केक नेईन, मोठा. दहांऐवजी एकावर भागेल का, विचारते. पण एक गोष्ट खटकते. चरे तीन-तीनच्या गटाने आहेत. दहा गट, आणि शेवटी एकच. डोंगरात हरवलेला माणूस मिनिटाला सहा हाका देतो. ज्याला ऐकू येतं तो तीन देतो. तीन म्हणजे ऐकलं, येतो. लहानपणी बाबांनी शिकवलेलं. इथे उत्तर आहे, हाक कुठे आहे? असले विचार रोजनिशीतच ठीक.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पापुद्रा तापवून उडवला, स्फटिक घासून कोरा केला, नवा पापुद्रा धरला. चरे परत दोनशे बाराव्या ओळीपासून. परत एकतीस. चारदा केलं, चारदा तसंच.

यात माझी काय चूक आहे ते शोधलं पाहिजे. चुकीचा दोष भुताखेतांवर टाकायला मी काही शाळकरी मुलगी नाही. पंख्याचा संशय आला. मोजणीपुरता तो बंद करायची परवानगी मागितली. प्रोफेसर म्हणाले, शाबास, अखेर डोकं चाललं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

पंखा बंद, तरी चरे. उलट जास्त ठळक. भोंग्यातून दर काही सेकंदांनी बारीक टिकटिक येते, ती असेल. त्याची तार काढून ठेवली. प्रोफेसरांना तसं लिहून दिलं. नायट्रोजन मी जपून वापरते, पिंपाच्या नळाची चावी दोनदा तपासते. आणि खोलीत फोनही नको. काढला.

आज गेरलिंडे किल्ल्या विसरली आणि लाल दिवा असताना तिने दारावर टकटक केली. पडद्यावर दोन चरे. सगळे तिच्यावर तुटून पडले: अगं दोनच? तिसरा मार की, अर्धवट केक कसा आणणार! मीही हसले. सर्वांत मोठ्याने मीच हसले असेन.

१४ ऑक्टोबर, सोमवार

प्रोफेसरांनी माझी सगळी चित्रं कॉफीच्या खोलीत ओळीने टाचली आहेत. खाली लिहिलंय, लिन्झची बेकरी. आलेल्या पाहुण्यांना दाखवतात. मी कॉफीला जाणं टाळते, मग म्हणतात बाई रुसल्या. डिसेंबर संपायला अडीच महिने राहिले. हे गेलं तर मला दुसरं काही मिळणार नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

बाहेरच्या ट्रामचा आवाज दाराच्या फटींतून येत असणार. कायेटानला म्हटलं, चौकटीला चारी बाजूंनी रबराची पट्टी लावून द्या, हवादेखील जाता कामा नये. तो बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, परत? परत म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, काही नाही, लावतो. चौकटीवर जुन्या गोंदाचे डाग होते. मी पाहिले. विचारलं नाही. का नाही विचारलं?

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दार आता बाटलीच्या बुचासारखं बसतं. आतली शांतता कानात दुखते.

चरे आहेत. इतके स्पष्ट कधीच नव्हते. खोली जितकी बंद करते तितके ते जवळ येतात. आज टाकीवर तळहात ठेवून बसले. दोनशे बाराव्या ओळीला हाताला काहीच जाणवलं नाही. पायांना जाणवलं. दाराच्या बाजूने, जमिनीतून. तीन. थांबून तीन.

दार उघडून पाहिलं नाही. चित्र बिघडलं असतं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. सर्व संतांचा दिवस

सुट्टी. मावशीची कबर इथल्या दफनभूमीत आहे. शेवंती आणि दिवा घेऊन गेले. सगळं गाव तिथे, मुलांच्या हातात वेणीचा गोड पाव, ऊन पडलेलं.

तिसऱ्या वाटेवर कायेटान गुडघ्यावर बसून दिवा लावत होता. दगडावर नाव: सेवेरिन लाकनर. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. वय अडतीस.

मी म्हटलं, तो ट्रिएस्टला आहे ना? कायेटान उठला नाही. मातीकडे बघत बोलला. तो सांगत होता ते जसंच्या तसं उतरवते, कारण नंतर मी त्यातलं काही मऊ करीन.

म्हणाला, त्या दिवशी नायट्रोजन गळत होता. खोली रबराने बंद. वाफेचा दाब आतून दारावर, आणि दार आत उघडणारं. एका माणसाला ते ओढवत नाही. वर पडद्यावर चरे यायला लागले, तीन, तीन, तीन. आम्हाला वाटलं थट्टा करतोय, केक मोजून देतोय. एकेका गटाला आम्ही ओरडत होतो, चॉकलेटचा! सफरचंदाचा! खसखशीचा! दहाव्याला गेरलिंडे टेबलावर हात आपटून हसत होती. मग एकच आला. प्रोफेसर म्हणाले, बघा, अकराव्या केकला बिचाऱ्याचे पैसे संपले.

मग म्हणाला, मी मात्र खाली उतरलो होतो, बाई. कार्यशाळेच्या पाइपातून ऐकू येत होतं. तीन नाही. सहा. मिनिटाला सहा. मी दारापर्यंत गेलो. दिवा लाल होता. जिन्यावरून प्रोफेसरांनी विचारलं, कायेटान, दिवा दिसत नाही का? मी परत आलो.

चित्र पूर्ण होऊ दिलं. मग दार फोडलं. कागदावर हृदयविकार लिहिला. चित्राचा खालचा भाग कापून घेतला, तो छापला. फार नावाजलं गेलं ते चित्र.

तो सहा ठोकत होता आणि पडद्यावर तीन उमटत होते, हे त्याने मला तीनदा सांगितलं.

४ नोव्हेंबर, सोमवार

सेवेरिनची वही पहिल्यांदाच नीट वाचली. आजवर मी त्यातली फक्त तापमानं पाहत होते. पहिल्या चित्रापासून एकतीस चरे. त्याच्याही. मग: पंखा बंद केला. भोंगा काढला. फोन काढला. कायेटानकडून रबर लावून घेतलं. हाच क्रम. तीच कारणं, जवळजवळ माझ्याच शब्दांत. आवाज येतो म्हणून दार अजून बंद, अजून बंद.

म्हणजे त्याच्या आधीही कोणी?

प्रोफेसरांकडे गेले. सगळं बोलले, उभ्यानेच. ते शांत होते. खुर्ची दिली. म्हणाले, तुम्हाला काय हवं? मी म्हटलं, न कापलेलं चित्र छापायचं, त्यावर सेवेरिनचं नाव पहिलं. म्हणाले, मान्य. जुन्या चित्राची मूळ नोंद मात्र उरलेली नाही. तुम्ही तुमचं एक पूर्ण चित्र द्या, चऱ्यांसकट, गुरुवारी. मग त्यांनी माझं कायमचं पत्र दाखवलं. टाइप झालेलं, सही झालेली. खणात परत ठेवलं.

मी हे सेवेरिनसाठी करते आहे की त्या पत्रासाठी? दोन्हींसाठी. लिहून ठेवते, म्हणजे उद्या नाकारता येणार नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार

कायेटानला म्हटलं रबर काढा. प्रोफेसरांनी त्याला सांगून ठेवलंय, चित्र झाल्यावर. पंखाही चित्र झाल्यावर. कायेटान म्हणाला, जाऊ नका. मग म्हणाला, माझी निवृत्ती मार्चमध्ये आहे.

निदान भोंगा लावीन. एक तासाचा प्रश्न.

झोप नाही. तळपायांत तीन-तीन.

७ नोव्हेंबर, गुरुवार

२.१० भोंगा जागेवर नाही. वर जाऊन विचारलं. प्रोफेसरांच्या खणात आहे, त्याची टिकटिक चित्र बिघडवते हे तुम्हीच लिहून दिलंय, म्हणाले. खरं आहे. मीच दिलंय.

गेरलिंडेचा वाढदिवस. तीनला केक. कायेटानलाही वर बोलावलंय.

२.३० नायट्रोजन भरला. चावी दोनदा फिरवली. दार लावलं. दिवा. सुरू.

२.३५ ओळ अडतीस. फार सुंदर. आजवरचा सर्वांत चांगला पापुद्रा.

पिंपाकडून बारीक फुसफुस. उठले तर चरा उमटेल. ओळ साठपर्यंत थांबते, मग बघते.

२.४४ ओळ एकशे पाच. अजून उठले नाही. शिवण आता दिसतेय. एवढी शिवण पुरी होऊ दे.

२.५१ कानात दडे. उठले. चावीवर बोटभर बर्फ, फिरत नाही, तळहाताची कातडी चिकटून निघाली. गुडघ्यापर्यंत पांढरी वाफ. एकही चरा आला नाही. मी चालले, धडपडले, तरी चित्र स्वच्छ.

२.५५ दार ओढलं. दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून. हलत नाही. फटीतून हवा जाता कामा नये, मी म्हटलं होतं.

स्टुलावर चढून बसले आहे. वर हवा असेल.

अडतिसाव्या ओळीलाच उठायला हवं होतं. चित्रासाठी नाही उठले. हे कुणी माझ्याकडून करवून घेतलं नाही

२.५८ ओळ दोनशे नऊ. यंत्राची तार उपटू? पडदा काळा होईल. काळ्या पडद्याकडे वर कोणी बघत नाही. चऱ्यांकडेच बघतात

तीन नको. तीन म्हणजे केक. सहा ठोकते. कायेटानला सहा कळतात

२१२. सहा ठोकले, पक्कडीने, दारावर, मोजून. पडद्यावर तीन.

परत सहा. तीन.

आता सात ठोकले — तीन

वर हसत असतील. चॉकलेटचा, सफरचंदाचा

तीन म्हणजे ऐकलं. तीन म्हणजे येतो. डोंगरात तसंच — दाराबाहेर कोणी नाही. मी दाराला कान लावला. बाहेरून नाही येत. टाकीच्या मागून — इथून —

पाच गट. सहा.

पावलं! जिन्यावर. दारापर्यंत आली. कायेटान. ओरडले. पावलं थांबली. दिवा

गेली

आठ. डोकं हलकं आहे, दुखत नाही काहीच. किती शांत. अणू दिसतात मधून मधून, चऱ्यांच्या मध्ये, किती सरळ रांगेत —

नऊ

दहा. तीस झाले. आता ठोकणार नाही. थांबले तर एकतिसावा येणार नाही, तो शेवटचा मीच — ठोकलाच नाही तर

पक्कड खाली टाकली. हात मांडीवर. एकाने लिहिते आहे, दुसरा मांडीवर. हलत नाहीये. कोणीच ठोकत नाहीये. पडद्यावर एक —